हात पुढे करायचा खेळ

शनिवार, २९ फेब्रुवारी २०२०, एनिस, आयर्लंड

सासरे आले. मुरलीधर, वय चौऱ्याहत्तर, वर्ध्याच्या पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त, टपाल खात्याचे सलग सहा वर्षं कॅरम चॅम्पियन. ही माहिती त्यांनी डब्लिन विमानतळापासून एनिसपर्यंत अडीच तास दिली, आणि तीही मला नाही, मागच्या सीटवरच्या माझ्या मुलीला, रेवाला. मी गाडी चालवत होतो. मागून आवाज यायचा, "त्याहिले सांग, हीटर कमी करा." त्याहिले म्हणजे मला.

बायको, उर्मिला, इंजिनिअर. मी मिरजेच्या आयटीआयचा, तिच्या नागपूरच्या कॉलेजात एसी दुरुस्त करायला गेलेला मिस्त्री. दुरुस्ती लांबली आणि लग्न झालं. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली, आणि एकोणीस वर्षांत या माणसानं मला एकदाही कोणत्याही नावानं हाक मारलेली नाही. जावई नाही, दत्तात्रय नाही, राव नाही. समोर 'ऐका'. मागे 'मिस्त्री'. मागचं मला ऐकू येतं. कान हेच माझं भांडवल. कॉम्प्रेसर बिघडण्याआधी महिनाभर कुरकुरायला लागतो, ती कुरकुर ओळखूनच मी एका व्हॅनच्या चार केल्या.

परतीचं तिकीट २४ मेचं. तीन महिने. निघतील.

रविवार, २९ मार्च

सगळं बंद. सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही असं सरकारनं सांगितलंय. सासरे संतापले. "मी काय बाजारचा दूध-दही आहो, फ्रीजमदी ठेवाले?" रेवाला फार आवडलं. ती म्हणाली, "आजोबा, यू आर ग्रँड इन द फ्रीज. डॅड विल फिक्स इट." ते हसले. माझ्याकडे बघून थांबले.

मला मात्र बाहेर जायची मुभा आहे. दुकानांची शीतगृहं बंद पडून चालत नाहीत.

रविवार, १९ एप्रिल

आज एक गंमत झाली. शेजारचा ह्यूई कथबर्ट, मूळचा स्कॉटलंडचा, शॅननला विमानांचा मेकॅनिक होता, वय शहात्तर. तोही कोंडलेला. दोघा म्हाताऱ्यांच्या मध्ये कमरेइतकं कुंपण. ह्यूईनं आपला टीव्ही परसातल्या काचेच्या दाराकडे फिरवून ठेवला आहे आणि बाहेर खुर्ची टाकून जुन्या कर्लिंगच्या मॅचेस बघत बसतो. आमचे सासरे अलीकडे माकडटोपी आणि रेवाची युनिकॉर्नची गोधडी घेऊन उभे.

"हे काय करून राह्यले?" त्यांनी मला विचारलं. थेट मला! बहुधा दुसरं कोणी जवळ नव्हतं.

मी सांगितलं, बर्फावर वीस किलोचा दगड ढकलायचा. समोर गोल काढलाय, त्याला घर म्हणतात. दगड घराच्या मध्याजवळ थांबवायचा. पुढे दोघं झाडू मारत पळतात, त्यानं दगड लांब जातो आणि कमी वळतो.

"फरशी पुसाचा खेळ," ते म्हणाले. "आमच्या पोस्टातली शिपाई मंडळी रोज खेळत."

पण हलले नाहीत. दहा मिनिटांनी त्यांचा आवाज आला, "अरे बाप्पा, मधातून कायले? साइडनं कट मार ना!" पुढच्याच फेकीला त्या खेळाडूनं साइडनं कट मारला. ह्यूईनं मागे वळून बघितलं आणि खुर्ची कुंपणाजवळ ओढली. नंतर तासभर तो त्याच्या स्कॉटिश इंग्रजीत बोलत होता, हे वऱ्हाडीत बोलत होते, आणि दोघांचं एकमत होतं.

एक गोष्ट मात्र सासऱ्यांना पटली नाही. खेळ बाकी असताना एका संघानं हातमोजे काढले आणि समोरच्यांशी हात मिळवले. संपलं. रेवानं ह्यूईला विचारून सांगितलं, "दे नो इट्स गॉन, आजोबा. सो दे शेक हँड्स. इट्स मॅनर्स."

"शेवटची सोंगटी राह्यतवर हात द्याचा नसते," सासरे म्हणाले. "मी जिंदगीत नाई देल्ला."

हे मात्र खरं. मी साक्षीदार आहे.

शनिवार, २३ मे

उद्याचं विमान रद्द. केव्हाचंच रद्द होतं, पण रोज सकाळी "विमान सुटून राह्यलं का?" हा घोष चालूच. आज पक्कं कळल्यावर दिवसभर मोठ्यानं कुरकुरले. वर्ध्याचं घर वाट बघतंय, अंगणातला पेरू वाट बघतोय, पेन्शनच्या बँकेतला साहेब वाट बघतोय. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, घराला कुलूप आहे. वाट बघणारं नक्की कोण, देव जाणे. पण माणसाला स्वतःचं घर ते स्वतःचं घर. मला वाईट वाटलं.

जेवायला मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. दुःखात काही माणसांना भूक लागते.

रविवार, १२ जुलै

एकमेकांच्या परसात बसायची परवानगी मिळाल्यापासून ह्यूई रोज आमच्याकडे. मी कॅरम बोर्ड मागवला. ह्यूई रोज हरतो, वर हरल्यावर चहा मागतो. म्हणे कर्लिंगचा नियमच आहे, जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पाजायचं.

"म्हंजे हरणाऱ्याचे लाड!" सासरे म्हणाले. पण उठले, स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. उर्मिला हातातलं काम सोडून दारात उभी राहून बघत होती. वडिलांना गॅस पेटवताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. चहा वाईट होता. ह्यूई म्हणाला, "लव्हली."

ह्यूईच्या पुढच्या दाराला अडसर म्हणून खराखुरा कर्लिंगचा दगड लावलेला असतो, त्याच्या बापाचा. सासरे जाता-येता त्याच्यावर हात फिरवतात, देवळाबाहेरच्या नंदीवर फिरवावा तसा.

मंगळवार, १८ ऑगस्ट

मोठा घोटाळा. भारतात परत नेणाऱ्या खास विमानात मी सासऱ्यांचं नाव घातलं होतं. दोन महिने फोन, मेल, अर्ज. सुटायला चार दिवस राहिले आणि पासपोर्ट सापडेना. गाद्या उलटल्या, बॅगा झटकल्या. सासरे स्वतः सगळ्यांच्या पुढे, टॉर्च घेऊन पलंगाखाली. विमान काल गेलं.

आज सकाळी पासपोर्ट हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात सापडला. सासऱ्यांनाच सापडला. मी रेवाला बोललो, ती हल्ली पसारा आवरते आणि कुठेही कोंबते. ती रडकुंडीला आली, "आय नेव्हर टच्ड इट!" सासरे मध्ये पडले, "पोरीले बोलू नोका. डब्बा माह्याच हातून हालला असंन." नातीसाठी स्वतःवर घेतलं. एवढं मोठं मन या माणसाचं, मला ठाऊक नव्हतं.

उर्मिला म्हणाली, "राहू द्या ना बाबांना, काय घाई आहे?" ती भिडस्त आहे. वडिलांनी मला कसं वागवलं ते तिला माहीत आहे, त्यामुळे माझ्याकडे त्यांच्यासाठी काही मागायची तिला लाज वाटते. मी म्हटलं, "अगं, तुला ऐकू येत नाही का? ते रोज घराची आठवण काढतात." ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू सगळं येतं हो." आणि पोळ्या लाटायला लागली.

रविवार, २४ जानेवारी २०२१

पुन्हा सगळं बंद. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी संक्रांतीच्या शुभेच्छांखाली ह्यूईच्या दगडाचा फोटो टाकला, तर डब्लिनजवळच्या नास गावचा संकेत सुटलाच. "दत्ताभाऊ, ही मोलकरणींची स्पर्धा का? आमच्याकडे पण एक मॉप आहे, सराव करू का?" वीस जणांचे हसरे चेहरे.

मी लिहिलं: "संकेतराव, सपाट बर्फ बनवून दाखवा, मग बोला. मी पंचवीस वर्षं गारवा विकतोय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीडशे फुटांचा थर एका पातळीत गोठवायचा, मग त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून पुरळ उठवायचं, म्हणजे दगड त्या पुरळावरून तरंगत जातो. हॉलमध्ये माणसं वाढली की बर्फ बदलतो. क्रिकेटची खेळपट्टी पाच दिवसांत बदलते, ही पाच मिनिटांत. आणि तो दगड घासत जाताना घरघरतो ना, तो आवाज ऐका. बिघाड नसलेल्या मशीनचा आवाज आहे तो. मला आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकायला मिळाला."

मग त्यानं फोनच केला. मी स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "पण थरार कुठे आहे, दत्ताभाऊ?"

सासरे माझ्या हातातून फोन घेऊन: "कोण बोलून राह्यलं? संकेत? आईक बेटा. तुह्या क्रिकेटात दोन पंच, वरतं तिसरा, अन् कॅमेरे धा. तरी बॅटले लागलं का नाई, बॅटवाला सांगत नाई. इथं कोणाच्या झाडूचा धक्का दगडाले लागला, का तो सोताच हात वर करते. 'माह्या झाडूचा लागला बा.' कोणी पाह्यलं नसलं तरी! असा खेळ पाह्यला काय कधी? ह्याले म्हंते थरार."

संकेत म्हणाला, "काका, लिंक पाठवा."

फोन परत देताना सासरे जरा ओशाळलेले दिसले. उगाच. छान बोलले.

रविवार, २३ मे

दोघादोघांच्या जागतिक स्पर्धेत स्कॉटलंडची जोडी जिंकली. ह्यूई कुंपणाला धरून रडला. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर थापटलं आणि आत जाऊन चहा टाकला. मी म्हटलं, "पण तो तर जिंकलाय." ते म्हणाले, "म्हंजे का चहा नाई प्याचा त्यानं?"

भारतातल्या बातम्या वाचवत नाहीत. चंद्रहासला, म्हणजे उर्मिलाच्या भावाला, नागपुरात ऑक्सिजनसाठी दोन दिवस फिरावं लागलं. वाचला. या महिन्यात सासऱ्यांनी विमानाचं नावही काढलेलं नाही.

रविवार, १२ सप्टेंबर

चंद्रहास ठणठणीत. सासऱ्यांची कुरकुर पुन्हा सुरू. "आता जा लागते बा, आता जा लागते." आणि दुसरीकडे परसातल्या टबात मेथी पेरतायत, वर ह्यूईच्या बायकोला, नोरीनला, सांगतायत की वसंतात कांदा लावू. नोरीन म्हणते, "ही'ज अ टेरर, युअर मॅन. ही'ज टेकन हाफ माय फ्लॉवर बेड." इथल्या बोलीत 'युअर मॅन' म्हणजे 'तो गृहस्थ', म्हणजे आमचे सासरे. म्हातारपणी आज काय बोललो ते उद्या आठवत नाही. कुरकुर मात्र रोजची आहे, आणि रोजची कुरकुर खोटी नसते. एवढं मला माझ्या धंद्यानं शिकवलंय.

ठरवलं. या माणसाला घरी पोचवायचं. मिस्त्रीनंच पोचवायचं.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

मिळालं! १२ डिसेंबर, डब्लिन, अबूधाबीमार्गे मुंबई. पुढे चंद्रहास गाडी घेऊन येईल. व्हीलचेअर, शाकाहारी जेवण, खिडकी. कुणाला सांगितलेलं नाही, उर्मिलालासुद्धा. उद्या युरोपच्या दोन्ही फायनल आहेत, बायकांची आणि पुरुषांची, आणि दोन्हीत स्कॉटलंड. जिंकले तर त्या आनंदातच पाकीट देईन. हरले तर सांत्वनाला देईन.

रविवार, २८ नोव्हेंबर

दोन्ही! एकाच दिवशी दोन्ही!

आमचा हॉल काल स्टेडियम झाला होता. ह्यूई निळा मफलर लावून, नोरीन तीन प्रकारची सँडविचेस घेऊन, आणि संकेत नासहून दोन तास गाडी हाकत, बायको यामिनी आणि तो स्वतःचा मॉप घेऊन. हो, खरंच आणला. शेवटच्या दगडाला तो आमच्या लाकडी फरशीवर मॉप मारत टीव्हीपर्यंत पळाला. यामिनी म्हणाली, "घरी एकदा तरी असा पळ." सासरे ओरडत होते, "घासा रे, घासा! सोडू नोका!" ह्यूई तेच स्कॉटिशमध्ये ओरडत होता. पहिला विजय झाला तेव्हा चहा. दुसरा झाला तेव्हा ह्यूईनं बाटली काढली आणि सासऱ्यांनी, मी पाहिलं नाही असं समजून, टोपणभर घेतली.

पलीकडच्या घरातल्या माणसानं दार वाजवून विचारलं, काय झालं, कोण जिंकलं, क्लेअरची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, मॅच होती का? हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचं वेड असलेल्या गावात दुसरा कसला आरडाओरडा असणार! मी पेढ्यांचं ताट पुढे केलं आणि कर्लिंग म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "द वन विथ द ब्रशेस? फेअर प्ले." दोन पेढे घेऊन गेला. दूध पावडरचे असले तरी पेढे उत्तम झाले होते.

मग मी पाकीट काढलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, आज सगळे जिंकले, तुम्हीच का मागे? घ्या. बारा तारीख. तुमचं घर."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. "बरं झालं," म्हणाले. मग स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली ताटं परत धुवायला लागले. भरून आलं असणार. उर्मिलाही माझ्याकडे बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. आनंदानं माणसं गप्प होतात.

पण एकोणीस नाही, आता एकवीस वर्षं झाली. निदान काल तरी 'जवाईबापू' म्हणतील असं वाटलं होतं. असो. मी काही त्यासाठी केलं नव्हतं. थोडं केलं होतं.

गुरुवार, २ डिसेंबर

पासपोर्ट पुन्हा सापडेना! प्रवासाचा फॉर्म भरायचाय. डाळीचा डबा पहिल्यांदा पाहिला. नाही. सासरे टॉर्च घेऊन पलंगाखाली.

आता कुरकुरत नाहीत. चार दिवस झाले, विमानाचं नाव नाही, घराचं नाही, पेरूचं नाही. टबापाशी जाऊन मेथीला पाणी घालतात आणि आत येऊन बसतात. घर एकदम शांत झालंय.

ही शांतता मला आवडत नाही. चालू फ्रीजचा आवाज थांबतो तेव्हा माल नासायला लागतो.

रविवार, ५ डिसेंबर

सकाळी नोरीनचा निरोप, फ्रीज विचित्र आवाज करतोय. गेलो. ती व्हॅक्यूम करत होती. दाराचा दगड तिनं ढकलून बाजूला केला होता. दगडाच्या जागी फरशीवर फ्रीझरची प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत निळा पासपोर्ट.

मी पिशवी उचलली.

"आह, दॅट'स युअर मॅन'स," नोरीन म्हणाली. "त्यांनी ह्यूईला सांभाळायला दिला. सेफेस्ट प्लेस इन क्लेअर, नो? ख्रिसमसपर्यंत काढू नका म्हणाले." मग माझ्या तोंडाकडे बघून, "तुला माहीत नव्हतं?"

मी फ्रीज बघितला. पंख्यावर बर्फ साचला होता, पाच मिनिटांचं काम. मला अर्धा तास लागला. हरभऱ्याची डाळ, दोन पोळ्या जास्त, मेथी, वसंतातला कांदा. सगळं समोर घडत होतं आणि मी कान लावून बसलो होतो.

दुपारी उर्मिला आणि रेवा बाजारात गेल्या. सासरे एकटेच दोन्ही बाजूंनी कॅरम खेळत बसले होते, अर्धा डाव झाला होता. मी समोर बसलो. पिशवीतला पासपोर्ट काढून बोर्डाच्या कडेवर ठेवला. माझी पाळी होती, मी खेळलो.

त्यांनी पासपोर्टकडे पाहिलं. मग नेम धरला आणि एक सोंगटी घेतली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. माझ्या सात सोंगट्या बाकी, त्यांच्या दोन, राणी मध्यात. चौथ्या वेळी स्ट्रायकर लावला, आणि उचलून बाजूला ठेवला.

हाताची पावडर लेंग्याला पुसली. आधी तळवा, मग एकेक बोट. आणि हात माझ्यासमोर धरला.

"खेळ बाकी आहे, बाबा," मी म्हणालो. "तुम्हीच पुढे आहात."

"बोर्डाचं नाई म्हणून राह्यलो मी." हात तसाच. "दगडाले माह्या झाडूचा धक्का लागला. दोन डाव. कोणी पाह्यलं नाई, पण लागला." दुसऱ्या हातानं पासपोर्ट माझ्याकडे सरकवला. "पोरीच्या घरी किती दिस राह्याचं माणसानं? अन् तेही तुमच्या. मी तुमच्याशी कसा वागलो, मले का ठाऊक नाई? कोण्या तोंडानं मांगू? म्हून रोज म्हणो, जातो, जातो. तुम्ही म्हणसान, राह्यजा. तं तुम्ही तिकीटच आणलं." मग अगदी खाली बघून, "तिथं कुलूप हाय फक्त. मले नाई जाचं, जवाईबापू."

मी हात हातात घेतला. पोस्टमास्तरचा हात, शिक्के मारून चपटा झालेला अंगठा. त्यांनी दाबला. मीही दाबला.

सरकारनं वाढवलेली व्हिसाची मुदत पंधरा जानेवारीपर्यंत आहे. पुढचा अर्ज मी करीन. मिळेल, न मिळेल. नाही मिळाला तर जाऊन परत येतील, कांदा लावायच्या आत. अर्ज करण्यात मी आता तरबेज आहे. आजवर तो उलट्या दिशेनं करत होतो एवढंच. तिकीट रद्द करण्याचा फॉर्म उद्या.

पण त्याआधी नियम म्हणजे नियम. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पाजायचं. मी उठलो, आलं ठेचलं, चहा टाकला. पाणी उकळायला लागलं तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, हळू, पण माझे कान मजबूत:

"साखर दोन चमचे टाकजा, जवाईबापू. उर्मिलाले सांगू नोका."